८२ किलो वजन आणि फ्लाइंग साइड किक : अडतंय ते शरीर की तंत्र?

गोळाफेक

नमस्कार. वय ३१, उंची १७४ सेंटिमीटर, वजन ८२ किलो. आकडे आधीच सांगून टाकते, कारण सगळा प्रश्न त्यांच्याभोवतीच आहे. साडेचार वर्षं तायक्वांदो करतेय. त्याआधी शाळा-कॉलेजात गोळाफेक. त्यामुळे मांड्या आणि पाठ भक्कम आहेत, खांद्यावर ११० किलो घेऊन स्क्वॉट करते. चरबी नाहीच असं म्हणणार नाही, पण ८२ मधला मोठा वाटा स्नायूंचा आहे.

पुढच्या पट्ट्याच्या परीक्षेत उडी मारून साइड किकने फळी फोडायची आहे. वाटेत दोन किकिंग शील्ड (किक झेलायच्या जाड गाद्या) एकावर एक रचलेल्या असतात. त्यांच्यावरून जायचं आणि पलीकडे छातीच्या उंचीवर धरलेली फळी फोडायची. जमिनीवर उभं राहून हीच साइड किक मारली तर माझ्या पायाने दोन फळ्या एकदम जातात. बॅक किकने तीन गेल्यात. म्हणजे फळी मला घाबरवत नाही. पाय जमिनीवरून सुटले की मात्र सगळं विस्कटतं.

नेमकं काय होतं ते लिहिते. आठ-नऊ पावलं जोरात धावत येते. डाव्या पायावर उडी घेते, उजव्याने मारते. फळीला पाय लागतो तोपर्यंत मी खाली यायला लागलेली असते. टाच फळीवरून खाली घसरते, धरणारे दोघं अर्धं पाऊल मागे सरकतात आणि फळी जशीच्या तशी. दोन वेळा डावा पाय शील्डमध्ये अडकला. एकदा एकट्या उजव्या पायावर उतरले, गुडघा आत वळला आणि दहा दिवस क्लास बंद ठेवावा लागला.

मागच्या आठवड्यात आमच्या सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ही किक तुझ्या अंगाला नाही. हलक्या पोरांचं काम आहे हे. परीक्षेत तुझ्यासाठी बॅक किक ठेवू." त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं, मला माहीत आहे. पण त्या दिवशी घरी येईपर्यंत मी कोणाशी बोलले नाही. आमच्याकडे पंधरा वर्षांची एक मुलगी आहे, जेमतेम ४८ किलोची. ती चार शील्डवरून जाते आणि वर असताना जणू थांबते. तिच्याकडे बघितलं की सरांचं म्हणणं खरं वाटतं. रात्री स्वतःचे पाय चेपताना खरं वाटत नाही.

तर विचारायचं ते हे. यात शरीर किती आणि तंत्र किती? वजन उतरवायचं तर किती उतरवलं म्हणजे फरक पडेल? "मनात आणलं तर सगळं जमतं" असं कृपया कोणी लिहू नका. ज्यांनी जड अंगाने ही किक मारली आहे किंवा शिकवली आहे, त्यांनी काय बघितलं ते सांगा.

---

हलकी४७

ताई, मी तुझ्या क्लासमधल्या त्या मुलीच्या बाजूची. १५२ सेंटिमीटर, ४७ किलो. उडी मला पहिल्यापासून आहे. त्यामुळे सगळ्यांना वाटायचं की हिला ही किक आयती मिळालीय. ऐक, मला फळी फोडायला दीड वर्ष लागलं.

मी छान उंच जायचे, फोटो सुंदर यायचे. पण फळीला पाय लागला की मीच मागे फेकली जायचे, चेंडू भिंतीला लागून परत यावा तशी. एकदा तशीच मागे पडले आणि हात टेकला, मनगट सहा आठवडे पट्टीत होतं. उभं राहून मारताना मागच्या पायाला जमीन असते, ती तुला मागून धरून ठेवते. हवेत मागे कोणीच नसतं. तिथे तुझं स्वतःचं वजन आणि पुढे जायचा वेग, एवढंच भांडवल. माझं भांडवल ४७ किलोचं.

शेवटी जमलं ते तीन गोष्टींनी. एक, पायाच्या धारेने मारायचं सोडून टाच पुढे काढली. दोन, पाय लवकर सरळ करायची सवय मोडली. आधी पाय लांब करून मग फळीपर्यंत तरंगत गेलं की मारण्यात काही उरतच नाही. गुडघा दुमडलेला ठेवून जवळ जायचं आणि फळी आली की ढकलायचं. तिसरी म्हणजे कंबर पूर्ण वळवायची, म्हणजे पाय आणि धड एका रेषेत येतं. तेव्हा कुठे माझे ४७ च्या ४७ किलो फळीवर पडायला लागले.

तुझ्याकडे ८२ आहेत गं. ते वर कसे न्यायचे ते मला सांगता येणार नाही. पण ते फळीपर्यंत पोचले तर काय होईल याचा मला हेवा वाटतो, हे अगदी मनापासून लिहितेय.

---

भौतिक

मी पदार्थविज्ञान शिकवतो. स्वतः कराटे केलं ते शोतोकान शैलीचं, आता फक्त काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) करतो. कांकू-दाई या कातामधली निदान-गेरी (उडी मारून दुहेरी किक) आणि उन्सू या कातामधली ती पूर्ण गिरकीची उडी, एवढाच माझा हवेतला अनुभव. किकबद्दल सल्ला देणार नाही, पण "हलक्यांचं काम" या वाक्याचा हिशोब मांडता येतो.

समजा एक माणूस दुसऱ्याची हुबेहूब मोठी प्रत आहे, सगळीकडून १० टक्के मोठी. स्नायूचा जोर त्याच्या जाडीच्या छेदावर ठरतो, तो २१ टक्क्यांनी वाढेल. वजन घनफळाबरोबर जातं, ते ३३ टक्क्यांनी वाढेल. इथवर मोठा माणूस तोट्यात दिसतो. पण त्याचे पायही १० टक्के लांब आहेत, म्हणजे खाली बसून वर ढकलायला त्याला अंतर जास्त मिळतं. जोर गुणिले अंतर, भागिले वजन असं केलं की फरक संपतो : दोघांची उडी साधारण सारखीच. ही गोष्ट सतराव्या शतकात इटलीच्या बोरेली यांच्या लक्षात आली होती. पिसू, कुत्रा आणि घोडा यांच्या आकारात एवढी तफावत आहे, पण उडीत तेवढी नाही, ती याचमुळे.

तेव्हा नुसत्या मोठेपणाने उडी कमी होत नाही. जोर न लावणारं वजन वाढलं की ती कमी होते. तुमचाच आकडा घेऊ. समजा ढकलताना तुमचे पाय सरासरी १५०० न्यूटन जोर लावतात आणि ढकलण्याचं अंतर ४० सेंटिमीटर आहे. ८२ किलोला उडी येते सुमारे ३५ सेंटिमीटर. जोर तेवढाच ठेवून वजन ७६ केलं तर ४० सेंटिमीटर. आता उलट करा : वजन ८२ च ठेवा आणि जोर ८ टक्क्यांनी वाढवा. पुन्हा ४० च! सहा किलो उतरवणं आणि ८ टक्के जोर वाढवणं, उडीच्या दृष्टीने दोन्ही एकच. यातलं कोणतं तुम्हाला सोपं आहे ते तुम्ही ठरवा. घाईघाईने उतरवलेल्या वजनाबरोबर जोरही जातो, हे मात्र या हिशोबात धरलेलं नाही.

आता मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. ३५ सेंटिमीटरच्या उडीत तुम्ही हवेत असता साधारण ०.५३ सेकंद. ४० च्या उडीत ०.५७. सगळा खटाटोप करून हाती पडले सेकंदाचे चार शतांश. गुडघा वर घ्यायला तुम्ही जर यापेक्षा जास्त उशीर करत असाल, तर ती सहा किलोची मेहनत तिथेच खर्ची पडली.

ती मुलगी वर "थांबते" म्हणालात, तेही पाहू. उडीच्या वरच्या अर्ध्या उंचीत प्रत्येकाचा ७० टक्के वेळ जातो, कारण तिथे वेग कमी असतो. शिवाय पाय वर दुमडले की धडाची वाट चपटी होते आणि डोळ्यांना माणूस टांगल्यासारखा दिसतो. तुमच्याही वेळेचा तेवढाच वाटा वर जातो. फक्त त्या वेळात तुमचे पाय अजून आवराआवर करत असतात.

उंचीचा एक फायदाही सांगतो. शरीराचा गुरुत्वमध्य साधारण उंचीच्या ५५ टक्क्यांवर असतो. तुमचा ९६ सेंटिमीटरवर, हलकी४७ यांचा ८४ वर. जमीन सोडायच्या आधीच तुम्ही १२ सेंटिमीटर वर आहात.

---

जुनापट्टा

ताई, आधी तीन प्रश्न, मग लिहितो. उडीच्या क्षणी डावा पाय कंबरेच्या खाली पडतो की पुढे? उजवा गुडघा वर येतो तेव्हा डावा पाय जमिनीवर असतो की सुटलेला? आणि गोळा कोणत्या हाताने टाकत होतात, ग्लाइड करून (पाठमोरं सरकत) की गिरकी घेऊन?

---

गोळाफेक

@भौतिक सर, ८ टक्क्यांची गोष्ट वहीत लिहून ठेवली. @हलकी४७, हेवा तर मला तुझा वाटत होता.

@जुनापट्टा, मैत्रिणीकडून बाजूने व्हिडिओ काढून घेतला आणि एकेक फ्रेम बघितली. डावा पाय बरोबर कंबरेखाली पडतो, कधी कधी थोडा मागेच. छाती पुढे झुकलेली. उडीच्या वेळी डावा गुडघा बराच वाकतो, खाली बसल्यासारखा. उजवा गुडघा वर येतो तो डावा पाय सुटल्यावर. हे मला आजवर माहीतच नव्हतं, मला वाटायचं मी आधीच घेतेय. गोळा उजव्या हाताने, ग्लाइड करून.

---

जुनापट्टा

वाटलं होतं तेच आहे. आता सविस्तर.

माझं वय ४९, उंची १७८, वजन ९६. तायक्वांदोत २६ वर्षं. पहिली काही वर्षं ७० किलोचा होतो, तेव्हा आजच्यापेक्षा उंच उडायचो आणि फळ्या कमी फोडायचो. म्हणून दोन्ही बाजू अंगाने माहीत आहेत. तुमच्या सरांनी परीक्षेला पर्याय देऊ केला, त्यात खोट नाही. पण निदान चुकलंय असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचा दोष हवेत नाहीच. तो शेवटच्या दोन पावलांत आहे.

धावताना तुमचा वेग पुढच्या दिशेला असतो. त्यातला थोडा वर वळवायचा, हे काम शेवटच्या पावलाचं. त्यासाठी शेवटून दुसरं पाऊल थोडं लांब टाकायचं, कंबर चार बोटं खाली येते. मग शेवटचं पाऊल आखूड आणि झटकन. पाय कंबरेच्या पुढे पडला पाहिजे, गुडघा जवळजवळ सरळ, छाती उभी. तो पाय मेखेसारखा रोवला गेला की अंग त्याच्यावरून वर फेकलं जातं. तुमचा पाय कंबरेखाली पडतो, छाती पुढे असते, म्हणजे वेग वर वळतच नाही, पुढे निसटतो. आणि आठ-नऊ पावलं जोरात आल्यामुळे तो वेग तुमच्या एका गुडघ्याला पेलत नाही. म्हणून तो वाकतो. ४७ किलोच्या पोरीला ही चूक माफ होते, तुम्हाआम्हाला होत नाही. जड अंगाचा खरा तोटा हा आहे : चूक लपत नाही.

आता गोळा आठवा. उजव्या हाताचा खेळाडू ग्लाइड करून येतो, मागचा उजवा पाय खाली दबलेला, आणि शेवटी डावा पाय कशासाठी रोवतो? पुढे जाणारं अंग अडवून जोर वर काढण्यासाठी. तुमच्या प्रशिक्षकांनी "डावा पाय भिंत" असं काहीतरी शंभरदा सांगितलं असेल. तोच डावा पाय, तेच काम. तुम्ही ते वर्षानुवर्षं केलंय. तायक्वांदोत येताना ते दाराबाहेर ठेवून आलात, एवढंच. तुमचं उत्तर वाचून मला खरोखर आनंद झाला, कारण ही गोष्ट मला लोकांना शून्यापासून शिकवावी लागते.

दुसरी चूक गुडघ्याची. उजवा गुडघा वर येणं हा किकचा पहिला भाग नाही, तो उडीचा शेवटचा भाग आहे. डावा पाय जमिनीवर असतानाच उजवा गुडघा आणि दोन्ही हात वर गेले पाहिजेत. म्हणजे त्यांचा झोका उडीला मिळतो. हात खांद्यापर्यंत आणून तिथेच रोखायचे. जमीन सुटल्यावर गुडघा उचलला तर धड त्याच्या बदल्यात खाली जातं, उंची मिळत नाही. अख्खा पाय म्हणजे शरीराच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा, तुमच्या बाबतीत १३ किलोच्या आसपास. तो जमीन हाताशी असताना वर न्यायचा, हवेत नाही. भौतिक सर अर्ध्या सेकंदाचा हिशोब सांगतात तो इथे लागू होतो. तुम्ही त्यातला पहिला निम्मा भाग गुडघा उचलण्यात घालवता आणि मारता तेव्हा खाली येत असता.

काय करायचं ते असं.

पहिले दोन आठवडे फळी नाही, शील्ड नाही, किक नाही. चार पावलं, मध्यम वेग, शेवटची दोन "लांब-आखूड". वर टांगलेल्या कशाला तरी उजवा गुडघा लावायचा आणि दोन्ही पायांवर उतरायचं. पावलांचा आवाज ऐका : धप्प... टप-टप. शेवटचे दोन आवाज जवळजवळ आले की समजायचं बरोबर आहे.

मग अंतर ठरवा. लोक हे अंदाजाने करतात, आणि मला ते सहन होत नाही. मध्यम वेगाने, समजा सेकंदाला ३ मीटर, तुम्ही उडीच्या शिखरापर्यंत पाऊण मीटरच्या थोडं पुढे सरकता. त्यात पायाची लांबी ९० सेंटिमीटर धरा. म्हणजे उडीचा पाय फळीपासून साधारण १.७ मीटरवर पडायला हवा. तिथे चिकटपट्टी लावा. त्याच्या मागे चार पावलं मोजून सुरुवातीची खूण करा. पट्टीवर पाय पडला नाही तर किक मारायचीच नाही, पळत पुढे निघून जायचं. मारायची ती शिखरावर किंवा किंचित आधी. जड माणसाने तर आधीच, कारण उतरताना मारलेली किक फळीला खाली ढकलते, आत नाही. टाच घसरते म्हणालात ती यामुळे.

फळीच्या आधी शील्ड धरायला लावा, कंबरेच्या उंचीवर. हलकी४७ यांनी सांगितलेली दुमडलेला गुडघा आणि वळलेली कंबर ही बाब अक्षरशः तशीच पाळा. डावा पाय खाली लोंबकळू द्यायचा नाही, टाच माकडहाडाकडे ओढायची. तो अडकतो म्हणजे तुम्ही त्याला उडीनंतर विसरता.

आता शरीराबद्दल, कारण शरीराचा काहीच संबंध नाही असं मी म्हणणार नाही. गिरकी घेऊन मारायच्या उड्या वेगळ्या. १० टक्के मोठ्या माणसाला हवेत फिरवायला ६१ टक्के जास्त अवघड जातं, वजनही जास्त आणि ते अक्षापासून दूरही. ५४० अंशांच्या गिरकीची किक वगैरे लहानखुऱ्या अंगाला शोभतात. मी पस्तिशीत त्या सोडल्या आणि त्याचं मला दुःख नाही. सरळ रेषेतल्या उड्या, म्हणजे साइड किक, फ्रंट किक, गुडघा, या मोठ्या अंगाच्याही आहेत. आयटीएफ या आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघाच्या स्पर्धांत ट्विम्यो नोपी आप चागी असते, उंच टांगलेल्या फळीवर उडी मारून पुढची किक. फळीची उंची खेळाडू बुटका की उंच हे बघून बदलत नाही. तिथे लांब माणूस फायद्यात असतो. आणि वजनाचं म्हणाल तर हाँगकाँगच्या मारधाडपटांतले सामो हुंग यांना आठवा. पेकिंग ऑपेरा या कसरतींनी भरलेल्या चिनी नाट्यप्रकाराच्या शाळेत लहानपणापासून घडलेला माणूस, अंगाने गोल, आणि हवेत त्याच्या बारीक साथीदारांइतकाच चपळ. लहानपणी पाऊल पक्कं झालं होतं, पुढे वजन वाढलं तरी पाऊल विसरलं नाही.

वजन उतरवायचंच असेल तर परीक्षेनंतर. आत्ता नको.

---

सांधेस्नायू

मी फिजिओथेरपिस्ट आहे, खेळाडूंबरोबर काम करते. वरचं सगळं वाचलं, पण उतरण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. इथे तर एक गुडघा आधीच आत वळून गेलाय.

३५ सेंटिमीटरवरून खाली येताना पाय ताठ ठेवून फक्त १० सेंटिमीटरमध्ये थांबलात, तर पायांवर सरासरी शरीराच्या साडेचारपट भार येतो. ८२ किलोला तो साधारण ३७० किलो. तेच घोटा, गुडघा, कंबर तिन्ही वाकवून ३० सेंटिमीटरमध्ये थांबलात तर १८० च्या आत. तंत्र तेच, उडी तीच, आणि भार निम्म्याहून कमी. उडीच्या खेळांत गुडघ्याच्या आतल्या एसीएल या अस्थिबंधाच्या दुखापती स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच अशाच : एक पाय, ताठ गुडघा, आत वळलेला.

म्हणून आधी हे तपासा. आरशासमोर उजव्या पायावर एकटीने अर्धी बैठक मारा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो का? आत जात असेल तर उडी थांबवा आणि नितंबाच्या बाजूचे स्नायू आधी बळकट करा. ११० किलोच्या स्क्वॉटवर विसंबू नका, तो दोन पायांवर असतो. मग खोक्यावरून नुसतं उतरायचा सराव, आधी गुडघ्याहून कमी उंचीवरून. आवाज झाला नाही पाहिजे. किकच्या सरावात एका दिवशी २० च्या वर उड्या नकोत, आठवड्यात दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवस मोकळे. गुडघ्याच्या वाटीच्या खाली सकाळी उठल्यावर दुखत असेल तर संख्या निम्मी करा. दुखणं अंगावर काढून आलेले, उड्या मारणारे जड खेळाडू मी खूप पाहिलेत. त्यांचे महिने वाया जातात, आणि मला ते बघवत नाही.

---

पिंजरा

मी एमएमए, म्हणजे पिंजऱ्यातल्या मिश्र लढती, बघणारा, करणारा नाही. फक्त एक भर. अँथनी पेटिसने २०१० मध्ये पिंजऱ्याच्या जाळीवर पाय देऊन बेन्सन हेंडरसनला मारलेली किक सगळ्यांना आठवते, तो ७० किलोच्या गटातला. होर्हे मास्विदालने २०१९ मध्ये बेन आस्क्रेनला धावत येऊन उडत्या गुडघ्याने ५ सेकंदांत झोपवलं, तो ७७ किलोचा गट. आता डेरिक लुईस घ्या. हेवीवेट, १२० किलोच्या मर्यादेचा गट. २०२३ मध्ये घंटा होताच तो मार्कोस रोजेरिओ दी लिमावर उडता गुडघा घेऊन गेला आणि ३३ सेकंदांत लढत संपली. उंच उडी म्हणाल तर नाहीच. पण एवढा माणूस अंगावर येतोय म्हटल्यावर उंची कोण मोजतं.

---

गोळाफेक

सात आठवड्यांनी लिहितेय. मध्ये लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही होईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आधी गुडघ्याचं. आरशासमोर बसले आणि सांधेस्नायू ताईंनी सांगितलं तेच दिसलं, उजवा गुडघा चौथ्या वेळी आत गेला. तीन आठवडे उडी मारली नाही. एका पायाच्या बैठका, कमरेला रबरी पट्टा बांधून आडवं चालणं, खोक्यावरून उतरणं. कंटाळा आला, पण केलं. आता दहा बैठका सरळ होतात.

मग "लांब-आखूड". पहिल्या दिवशी चार पावलांत मला धावताच येईना, पाय गोंधळले. मैदानाच्या कडेला जाऊन गोळा नसताना ग्लाइड केलं, दहा-बारा वेळा, आणि डावा पाय रोवला की आत काय होतं ते आठवत राहिले. मग लगेच चार पावलं आणि उडी. त्या उडीत मी काहीतरी वेगळं ऐकलं, टप-टप. मैत्रीण व्हिडिओ काढत होती, ती ओरडलीच. फ्रेममध्ये डावा पाय कंबरेच्या वीतभर पुढे आहे आणि उजवा गुडघा डावा सुटायच्या आधी वर आहे. हा फोटो मी फोनवर ठेवलाय.

पट्टी १.७ वर लावली होती, मला १.६ बरी पडते. वजन ८१, म्हणजे जिथल्या तिथे. सहाव्या आठवड्यात कंबरेच्या उंचीवरची फळी तिसऱ्या प्रयत्नात गेली. टाचेला ती लागल्याचं कळलंसुद्धा नाही, फक्त पुढे जायची वाट मोकळी झाली आणि मी धरणाऱ्यांच्या मधून पलीकडे उतरले, दोन पायांवर. परवा पोटाच्या उंचीवर, एका शील्डवरून, पाचपैकी दोन गेल्या. छातीच्या उंचीवर अजून एकही नाही.

सरांना मी काही सांगितलं नव्हतं. परवा ते आपणहून आले आणि फळी धरायला एका मुलाच्या जागी स्वतः उभे राहिले. पाचवी त्यांनी धरलेली होती, ती फुटली. ते म्हणाले, "अजून दोन आठवडे आहेत. छातीवर धरू उद्यापासून." बॅक किकचं नाव काढलं नाही.

@जुनापट्टा सर, एकच अडचण आहे. दोन शील्ड रचल्या की डावा पाय पुन्हा लोंबतो. एका शील्डवर ओढला जातो, दुसरी वर ठेवली की विसरते. यावर काही सराव आहे का?

---

जुनापट्टा

आहे. दुसरी शील्ड आडवी न ठेवता पट्टीपासून हातभर पुढे उभी करा, पडली तरी चालेल अशी. ती दिसते तेव्हा लोक उजवा पाय आणखी वर नेतात आणि डावा विसरतात, तुमचंही तेच होत असणार. पहिले दहा वेळा किक न मारता फक्त दोन्ही टाचा वर ओढून तिच्यावरून जा आणि शांत उतरा. अकराव्याला किक. आणि पट्टी १.६ ला बरी पडत असेल तर १.६ लाच ठेवा, माझा आकडा तुमच्या पायांपेक्षा मोठा नाही. परीक्षेच्या आधीचे तीन दिवस उडी बंद.

व्हिडिओ जमला तर इथे टाका. ती टप-टप मला ऐकायची आहे.